चॉकलेट-फेरीचा शेवटचा थांबा

विल्फ्रीडनं बंद दुकानाची काच पुन्हा वाजवली. मागे त्याचे पाहुणे गारठून उभे होते. बेल्जियममधल्या ब्रुज शहरातल्या चॉकलेट-फेरीचा हा शेवटचा थांबा. इथं प्रत्येकाला एकेक वडी मिळेल, असं त्यानं निघतानाच कबूल केलं होतं.

“बाईंना आज जाग आली नाही वाटतं,” तो म्हणाला. एकदोघं हसले.

बाई म्हणजे होदेलीव्हबाई. बोळाच्या टोकाला त्यांचं दोन माणसांनी भरून जाईल एवढं दुकान. भूगोलाची मास्तरकी संपल्यावर विल्फ्रीड पर्यटकांना हिंडवू लागला, तेव्हापासून रोज दुपारी दोघांची गाठ पडायची. पाहुणे चॉकलेट चघळत फोटो काढत, तेवढ्यात यांचं बोलणं व्हायचं. हवेचं, गुडघ्यांचं, कालव्यातल्या माजलेल्या हंसांचं. बाई त्याला मास्तर म्हणायच्या. मफलर दिसला नाही की रागवायच्या. घरी त्याला रागवणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी आगगाडीनं आपल्या गावी परतायचं, सूप गरम करायचं आणि उद्या बाईंना काय सांगायचं ते मनात जुळवत बसायचं, एवढाच त्याचा संसार.

नाताळानंतर फेरी महिनाभर बंद असते. यंदा निरोप घेताना बाई म्हणाल्या होत्या, “आता आलात की आत बसा, मास्तर. उभ्या उभ्या किती वर्षं बोलायचं?” सगळा जानेवारी त्यानं त्या एका वाक्यावर काढला होता.

दार उघडलं. बाईंचीच हनुवटी घेऊन आलेली एक उंच बाई खोकं धरून उभी होती. ती ओस्टेंडला राहणारी त्यांची मुलगी. दुकान आता कायमचं बंद, तिनं सांगितलं. आई गेल्या महिन्यात झोपेतच गेली. अंत्यविधी झाला, ओळखीच्या सगळ्यांना तशी कार्डंही पाठवली होती.

“तुम्ही आईचे कोण?”

विल्फ्रीडनं मागे वळून घोळक्याकडे पाहिलं. “मी या लोकांना घेऊन यायचो,” तो म्हणाला.

“हो का? आई कधी बोलली नाही.”

तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. चिकटपट्टी कुठं ठेवली ते ती शोधत होती. मग जरा संकोचून तिनं विचारलं, नवऱ्याची कंबर धरलीय, तेवढी संगमरवरी लादी गाडीत चढवायला हात लावाल का?

याच लादीवर बाई पातळ चॉकलेट ओतून थापीनं परतत असत. ती आता नुसती थंडगार आणि जड होती. एका पाहुण्याच्या मदतीनं विल्फ्रीडनं ती गाडीत नीट आडवी ठेवली, खाली घोंगडी सारली. मुलीनं हात मिळवून आभार मानले. गाडी बोळातून निघून गेली.

घोळक्यातल्या एका आजींनी हळूच विचारलं, “घरच्या होत्या का तुमच्या?”

“नाही,” तो म्हणाला. “ओळख होती.”

कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यानं एक डबा विकत घेतला आणि कबूल केल्याप्रमाणे सगळ्यांना एकेक वडी दिली. पुलावर उभं राहून उरलेली माहितीही सांगितली, रोजच्याच आवाजात, रोजचा विनोद न गाळता. पाण्यावरून बोचरा वारा येत होता. आजी म्हणाल्या, हातमोजे तरी घाला.

त्यानं मान हलवली. पण मोजे खिशातच राहू दिले. लादीला लागलेल्या कोकोचा वास अजून त्याच्या बोटांना होता.