वाकड्या तोंडाचा ठोंब्या

अर्धांगाच्या झटक्यानंतर नटीबाईंचं तोंड डावीकडे ओढलं गेलं. मुलाने त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला घरात रोबो आणला. तो काहीही झालं तरी गोड हसायचा. बाईंच्या हातून पेला पडला, "छान!" बाई पलंगावरून घसरल्या, "फारच छान!"

"मेल्या ठोंब्या," बाई फरशीवरूनच गरजल्या, "माणूस आपटलं की घाबरायचं असतं!"

तेच त्याचं नाव पडलं. उभा जन्म रंगभूमी गाजवलेली बाई. शिकवायला घेतल्यावर सोडते थोडीच! व्यायाम आटोपला की त्याला समोर बसवून त्या चिडायच्या, रुसायच्या, खो खो हसायच्या. तो टक लावून बघायचा आणि चुकायचा. "हा राग? डोळ्यात कचरा गेल्यासारखं काय करतोस!"

एकदा सुनेच्या हातून गरम दूध बाईंच्या पायावर सांडलं. ठोंब्या पुढे झाला. "सावकाश! त्यांना भाजलं!" त्याची एकच भुवई चढली होती, ओठ डावीकडे ओढला होता.

"अगंबाई," सून दचकली, "हा थेट सासूबाईंसारखा चिडतो!"

मुलाने कंपनीचा मेकॅनिक बोलावला. त्याने ठोंब्याचा चेहरा निरखला. "बिघडलाय. शिकलेलं सगळं पुसून कोरा करतो. यंत्राचा राग ग्राहकाला चालत नाही."

"ग्राहक मीच ना? मला चालतो."

"आई, तो तुझी नक्कल करतोय. लोक हसतील."

"घरातले आरसे काढलेस तू," बाई म्हणाल्या, "मला वाईट वाटू नये म्हणून. पण माझ्याशी बोलताना तुझी नजर भिंतीवर असते. हा माझ्या तोंडाकडे बघतो. रोज बघतो."

मुलगा पुन्हा भिंतीकडे बघू लागला. मेकॅनिक ठोंब्याकडे वळला. "चल, हस पाहू."

"आत्ता नाही. बाई चिडल्यात."

"तुला काय कळतं रे त्यातलं?"

"थोडं. शिकतोय."

"हात लावाल तर याद राखा," बाई काठी टेकत मध्ये उभ्या राहिल्या.

"गॅरंटी जाईल, आजी."

"जाऊ दे खड्ड्यात!"

मेकॅनिकने पिशवी आवरली. मुलगा तणतणत खोलीत गेला, आणि पुढे कितीतरी दिवस धुसफुसत राहिला.

त्याच संध्याकाळी ठोंब्याचा हात धरून बाई आजारपणानंतर पहिल्यांदा रस्त्यावर उतरल्या. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दोघांची सारखीच वाकडी तोंडं पाहिली आणि त्याची कात्री थांबली.

"काय बघतोस?" बाईंनी खणखणीत विचारलं.

दोघंही तिथेच उभी राहिली, न्हाव्याने मान खाली घालेपर्यंत.