इजेचं कारण

सखाने आपल्या धाकट्या भावाच्या, जगनच्या, डोक्यात फावडं घातलं, ते खाडीच्या पाण्यापायी. कासूच्या खारपट्टीत त्याला कोळंबी पाळायची होती. त्यासाठी बांधाची उघाडी, खारं पाणी अडवणारं फळ्यांचं दार, मोडून भरतीचं पाणी शेतात घ्यायचं होतं. जगन उघाडीच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. "माझ्या भातात मीठ नाय घालू देनार," एवढं म्हणाला. ते त्याचं शेवटचं धड वाक्य. फावड्याने डाव्या कानावरचं हाड फुटलं. मग सखानेच त्याला टेम्पोत घालून रोह्याला दवाखान्यात नेलं आणि सांगितलं, बांधावरून घसरून दगडावर पडला. कागदावर तसंच लिहिलं गेलं.

जगनची मुलगी नम्रता तेव्हा मुंबईत शिकत होती. तोतरी मुलं, वाचा गेलेली माणसं, त्यांना पुन्हा बोलतं करायचं, असलं ते शिक्षण. "पोर बोलन्याची डाक्टरीन होतेय," असं तिची आई मालू सांगायची. नम्रता घरी आली तेव्हा बाप खाटेवर होता. उजवा हात लुळा, आणि तोंडातून नुसतं "ते, ते, ते". कळत सगळं होतं. "बाबा, कुनी मारलं?" असं विचारलं की तो डाव्या मुठीने स्वतःच्याच तोंडावर ठोसे मारून घ्यायचा. ओठ फुटायचे. मालूला त्याचा हात धरून बसावं लागायचं.

दोन वर्षं दर सुट्टीत नम्रता त्याच्यासमोर बसली. मांडीवर ताल धरायचा, एकेक शब्द लांबवत म्हणायचा. पहिला शब्द सुटला तो शिवी होती. मालू लाजली, नम्रता मात्र आनंदाने ओरडली. मग पानी, भात, मालू, आणि एकदा डोक्याला हात लावून, फावडा. बाकी माणसांची नावं मात्र अडायची. एकाच्या जागी दुसरंच यायचं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात पदवीचा निकाल लागला आणि नम्रताने म्हैसूरला पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करायचं ठरवलं. अर्जाला एका रुग्णाचा अहवाल जोडायचा होता. तिने बापाचाच लिहिला. त्यात एक रकाना होता, इजेचं कारण. तिथे तिने लिहिलं, 'फावड्याचा घाव'. मग जुने कागद मागायला ती रोह्याला गेली. डॉक्टरांनी कागद चाळून विचारलं, "इथं तर पडला असं आहे. कुणी मारलं होतं का?"

"व्हय," ती म्हणाली.

ही गोष्ट दवाखान्यातल्याच कुणाकडून तरी दुसऱ्याच दिवशी सखाच्या कानावर गेली.

तो सकाळीच आला. नम्रता ओटीवर अर्ज भरत होती. मालू मागीलदारी विळीवर बोंबील कापत होती. सखाच्या हातात बाभळीचा दांडका होता.

"काय लिवलंस गो माझ्या नावानं?"

"तुमचं नाव कुठंच नाय, काका."

"फाड तो कागद."

नम्रताने कागद छातीशी धरला. पहिला दांडका मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिने ऐकला, दुखायला अजून क्षण होता. दुसरा खांद्यावर. ती जोत्यावरून खाली आपटली. सखाने तिची वेणी हाताला गुंडाळून तिला अंगणभर ओढलं, तोंडावर लाथ घातली. दात तुटून जिभेवर आला. ती थुंकली आणि त्याच्या पिंढरीला कडकडून चावली. त्याने पुन्हा दांडका उचलला.

तेवढ्यात मालू धावत आली. तिने विळी उलटी धरली होती, आणि विळीचा जड पाट सखाच्या गुडघ्यावर घातला. एकदा, दोनदा. तो ओरडत खाली बसला, तरी ती मारतच राहिली.

दारात जगन उभा होता. चौकट धरून. त्याचा चेहरा लालभडक झाला होता.

"स... स... सखा! फा...वडा! सखा!"

शेजारपाजारची माणसं जमली होती. ते ओरडणं सगळ्यांनी ऐकलं. गर्दीतून म्हातारी धोंडुबाई पुढे आली. तिचं मिठागर त्या बांधाला लागूनच होतं.

"मी पायलेलं," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकत होता. "त्यानं मारलेलं, मी पायलेलं. भिऊन गप ऱ्हायले. माझी जीभ झडो."

पोलीस आले, जबाब झाले. धोंडुबाईने अंगठा दिला. सखाला नेलं, पण तीन आठवड्यांनी तो जामिनावर सुटून घरी आला, लंगडत. त्याचं दार यांच्या दारासमोरच.

नम्रताचा उजवा हात प्लास्टरात होता. झटापटीत फाटलेला अर्ज तिने डाव्या हाताने नव्याने लिहिला, एकेका ओळीला पाच मिनिटं. पेणच्या पोस्टातून तो रजिस्टर केला. म्हैसूरहून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथल्या बाईंनी तुटलेला दात पाहिला, अहवाल वाचला आणि विचारलं, "हा रुग्ण आता कसा आहे?" ती म्हणाली, "रागवतो. रागात वाक्य करतो." जागा मिळाली.

जायच्या आदल्या दिवशी तिचा धीर सुटला. "आई, तो समोर हाय. मी कशी जाऊ?"

मालूने भाकरी थापताना वर पाहिलं नाही. "तू जा. विळी माझ्याकडं हाय. तुझ्या बापाला बोलायला मी बसवीन, तू कसं ते दाव."

मग संध्याकाळभर नम्रता आईला शिकवत बसली, मांडीवर ताल कसा धरायचा, कुठे थांबायचं. जगन मधे मधे चिडून शिव्या देत होता. समोरच्या ओटीवर सखा बसून ऐकत होता. मालूने दार उघडंच ठेवलं होतं.