मधलं नाव

देवव्रत गुरुजींनी कॉम्प्युटर शिकायला घेतला तेव्हाच मी घरी म्हटलं होतं, आता माझी काही खैर नाही. सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, यजमानांचे विधी सांगायचे आणि संध्याकाळी इंदिरानगरात माझ्या ऑफिसात येऊन ठिय्या द्यायचा, हा त्यांचा नेम. गुरुजी लोकांची वेबसाइट मी चालवते. ज्यांना नाशिकला येणं जमत नाही ते यजमान तिच्यावर नाव नोंदवतात. तिथीच्या दिवशी गुरुजी व्हिडिओवर मंत्र सांगतात आणि म्हणायचं वाक्य यजमानाच्या स्क्रीनवर दिसतं. ते मोठ्यानं वाचायचं आणि पाणी सोडायचं.

आता प्रत्येक गुरुजींचं वाक्य वेगळं. एकाला आधी गोत्र हवं, दुसऱ्याला आधी गाव. कुणाकुणाचे नखरे सांभाळायचे? म्हणून मी सोय करून दिली, की ज्याला हवी त्यानं स्वतःची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहून आपल्या पानावर टाकावी. यजमानाची माहिती आमच्या सर्व्हरवर असते. पान उघडलं की नाव, मधलं नाव, आडनाव, गोत्र असं सगळं सर्व्हर त्या स्क्रिप्टच्या हाती देतो. त्यातलं काय कुठं बसवायचं ते लिहिणाऱ्यानं बघायचं.

बाकी सगळ्यांनी हे काम माझ्याच गळ्यात मारलं. गुरुजींनी मात्र हट्टानं स्वतः लिहिलं.

"वडिलांचं नाव सर्व्हरवर नाही हं," मी बजावलं होतं. "फॉर्ममध्ये वेगळा रकाना घालू या."

"अगं मृण्मयी, मधलं नाव आहे ना! मधलं नाव म्हणजे बापाचंच. लोकांना तेच दोनदा कशाला लिहायला लावतेस?"

मला पटलं. कुणालाही पटलं असतं, शाळेच्या वहीपासून तसंच लिहीत आलोय आपण. आणि सगळं सुरळीत चाललंही, कारण विधीला बसणारे सगळे पुरुष होते.

लतिकाताई पहिल्या बाई. नाशिक रोडला शाळेत शिकवतात, राहायला आमच्याच सोसायटीत. आईवडिलांच्या एकुलत्या एक. त्र्यंबककाका, म्हणजे त्यांचे वडील, गेले त्याला वर्ष होत होतं. वर्षश्राद्ध मीच करणार, असं त्यांनी सांगितलं तेव्हा गुरुजी जरा घुटमळले, पण हो म्हणाले. गंगेवर जायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी त्यांच्या मिस्टरांच्या, शामसुंदरकाकांच्या छातीत दुखायला लागलं. द्वारका चौकाजवळच्या हॉस्पिटलात नेलं, तिथं कळलं की सकाळीच बायपास करावी लागणार. स्ट्रेचरवरून काकांनीच दम दिला म्हणे, "माझं डॉक्टर बघतील. तू बाबांची तिथी चुकवू नकोस." म्हणून ताईंनी पहाटे घरीच मोबाइल पुढ्यात ठेवून विधी केला.

थोड्या वेळानं मला त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"मृण्मयी, मी यांना पाणी दिलं गं."

"कुणाला?"

"यांना. जिवंत माणसाला तिलांजली दिली मी."

मी ऑफिसात पळत जाऊन त्यांचं पान उघडलं. 'माझे दिवंगत वडील शामसुंदर यांना हे तिलोदक पोचो.' ताईंचं मधलं नाव म्हणजे नवऱ्याचं नाव. सर्व्हरनं ते दिलं, स्क्रिप्टनं बापाच्या जागी बसवलं. तिकडे गुरुजी मंत्रात, इकडे ताईंना रात्रभर झोप नाही. त्यांनी ओघात वाचलं, पाणी सोडलं आणि शेवटच्या ओंजळीला आपण काय बोलतोय ते त्यांच्या कानावर पडलं.

मी गुरुजींना फोन करून अक्षरशः ओरडले. ते पंचा गुंडाळलेला तांब्या घेऊन तसेच गंगेवरून हॉस्पिटलात आले.

मीही पोचले तेव्हा ऑपरेशन चालू होतं. ताई बाहेरच्या बाकावर ताठ बसलेल्या. गुरुजींनी त्यांच्यापुढे हात जोडले. "माझी चूक. माझ्या हातून लिहिलं गेलं."

"ते परत घ्या," ताई म्हणाल्या.

"दिलेलं पाणी परत घ्यायचा विधी नाही, बाई. पण जिवंत माणसाला त्यानं काही होत नाही."

मी मध्येच सर्व्हर, स्क्रिप्ट असं सगळं समजावायला लागले. ताईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे माझ्या पूर्ण नावात बाबा कुठेच नाहीत?"

नव्हतेच.

"मग पाणी कुणाला पोचलं, गुरुजी? बाबांना?"

हो म्हणाले असते तर काय बिघडलं असतं! मी डोळ्यांनी खुणावतही होते. पण गुरुजी म्हणाले, "ठाऊक नाही."

ताई उठल्या. "चला. मी माझ्या तोंडानं म्हणते."

मागच्या आवारात झाडाखाली गुरुजींनी त्यांच्या हातात तीळ दिले. ताईंनी वडिलांचं नाव घेतलं आणि पाणी सोडलं. तिथेही त्या रडल्या नाहीत.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भेटायला गेलो. गुरुजी दारातच थांबले, आत यायचा धीर होईना त्यांना. काकांना बोलायला त्रास होत होता, ओठ सुकलेले. सिस्टर म्हणाल्या, "काकू, चमच्यानं घोटभर पाणी द्या त्यांना."

ताईंनी हात मागे घेतला. "तुम्हीच द्या."

"अहो, घरच्या माणसानं दिलं तर—"

"माझ्या हातून नको म्हटलं ना!"

काकांनी डोळे उघडले. बायकोला ते पुरतं ओळखतात. "काय झालंय?"

मी टाळत होते. ताईंनीच सगळं सांगून टाकलं, खाली मान घालून. सिस्टर वाटी धरून तशाच उभ्या राहिल्या.

"तरीच," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "घशाला एवढी कोरड पडलेली, इथं कुणी थेंब द्यायला तयार नाही. तू तरी दिलंस."

"अहो, काय हे बोलणं!" ताई ओरडल्या, आणि आदल्या दिवसापासून दाबून धरलेलं रडू एकदम फुटलं. पलंगाचा दांडा धरून त्या हमसून हमसून रडल्या. दारात गुरुजी उपरण्यानं डोळे पुसत होते आणि माझाही राग कुठल्या कुठे गेला.

"नंतर रड," काका म्हणाले. "आधी ते पाणी दे इकडं."

ताईंनी सिस्टरांच्या हातून वाटी घेतली. चमच्यातलं अर्धं पाणी चादरीवर सांडलं. उरलेलं काका प्यायले आणि त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.