गिअरबॉक्स उतरवला

"वहिनी, सतराचा पाना," गाडीखालून मिस्त्री म्हणाला, आणि तिने न बघताच हात लांबवून तो काढून दिला.

दीड महिन्यात तिला सगळे पाने पाठ झाले होते. गॅरेजच्या भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती काळ्या शाईने काढलेली होती, खाली आकडा. नवऱ्याचं काम. नकाशे काढायच्या कचेरीत त्याची तीस वर्षं गेली. घरातल्या साखरेच्या डब्यावरही त्याचं तेच उभं, रेखीव अक्षर होतं.

"साहेब काय म्हणतात?"

"बघतायत."

नवरा गॅरेजच्या दाराशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी त्याची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही. तो आता गाडीकडे बघतोय की गाडीपलीकडच्या भिंतीकडे, हे ओळखायचा प्रयत्न तिने सोडून दिला होता. भरवणं, कूस बदलणं, व्यायाम करून घेणाऱ्या बाई आल्या की दार उघडणं, सगळं ती वेळच्या वेळी करायची. सुरुवातीला आपल्याला रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली. ते काही आलं नाही. मग तिने तोही नाद सोडला.

पुढचं सगळं मुलीने फोनवरून ठरवून टाकलं होतं. जुन्या गाड्यांचा शौक असलेलं एक गिऱ्हाईक तिने शोधलं. त्याला गाडी चालती हवी होती, शिवाय रोज वापरता येईल अशी: पुढे डिस्क ब्रेक, डायनॅमो काढून अल्टरनेटर, सीटना पट्टे. सोमवारी तो गाडी न्यायला येणार होता. गाडी गेली की घर बंद करायचं, बाबांना शुश्रूषागृहात ठेवायचं आणि आईने मुलीकडे यायचं.

"तिथे त्यांच्याजवळ चोवीस तास माणूस असेल, आई. तू एकटी किती दिवस ओढणार?"

ती त्या वेळी नवऱ्याला सूप भरवत होती आणि फोनचा स्पीकर चालू होता. त्याने तोंड मिटून घेतलं. पोट भरलं असेल असं समजून तिने वाटी बाजूला ठेवली.

वीस वर्षं ती गाडी गॅरेजमध्ये होती. शेजारणी तिला 'तुमची सवत' म्हणायच्या, आणि चेष्टेचं हसू संपलं तरी ती गोष्ट खोटी ठरत नसे. सुट्टीचा दिवस गाडीचा, संध्याकाळ गाडीची. मूळचा एक स्क्रू मिळावा म्हणून नवऱ्याने चार-चार महिने पत्रव्यवहार केला होता. नवीन स्क्रू लावा की, असं कुणी म्हटलं तर आपल्या आईला कुणी नावं ठेवली असावीत तसा त्याचा चेहरा व्हायचा. आता त्याच्या डोळ्यांदेखत त्या गाडीला परके ब्रेक बसले. त्याची पापणीही हलली नव्हती.

मिस्त्री सरपटत बाहेर आला आणि मांडी घालून बसला. त्याच्या तळहातावर एक बोल्ट होता.

"वहिनी, एक विचारू? हा गिअरबॉक्स साहेबांनी कितीदा उतरवला होता?"

"एकदाच. गाडी आणली तेव्हा. नंतर बसवणं जमलंच नाही म्हणे."

"जमलं नाही? अहो, साहेबांना?" तो हसला. "बोल्टची डोकी बघा. पाना लागून लागून गोल झालीत. आतल्या चाकांचे दात मात्र एकदम कोरे. मी तीस वर्षं हेच करतोय. हा बसवलेला होता आणि परत काढलाय. एकदा नाही, चांगला पाच-सहा वेळा."

तिने बोल्ट हातात घेतला. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. जुळलेलं हाड त्याच जागी परत मोडलं की फिल्मवर कसं दिसतं, हे तिला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे.

"चहा ठेवते," ती म्हणाली.

चहा उकळेपर्यंत तिने गॅरेजच्या कपाटातली त्याची वही आणून ओट्यावर उघडली. दीड महिना मिस्त्री तिच्या मागच्या पानांवरची मापं तेवढी बघत होता. तिने मात्र वाचायची तसदी घेतली नव्हती. नवरा प्रत्येक गोष्टीचं कारण लिहायचा. 'डावा दरवाजा काढला, बिजागरी झिजली म्हणून.' 'पाण्याचा पंप उघडला, गळतो म्हणून.' पानामागून पान. आणि मग नऊ वर्षांपूर्वीची एक तारीख, खाली रेघ मारून:

'गाडी पूर्ण. मागच्या रस्त्याने दोन फेऱ्या मारल्या. कसलाही आवाज नाही.'

त्याखाली, दोनच दिवसांनंतरची तारीख:

'गिअरबॉक्स उतरवला.'

कारण नाही. पुढे दीड वर्षाने 'गिअरबॉक्स बसवला' आणि दुसऱ्या दिवशी 'उतरवला'. मग पुन्हा. शेवटची नोंद त्याची बाजू गेली त्याच्या आदल्या महिन्यातली होती.

ती पहिल्या तारखेवर परत आली. मुलीला नोकरी लागून ती परगावी गेली, तो आठवडा. घर एकाएकी इतकं शांत झालं होतं की नळ ठिबकला तरी ऐकू यायचा. आणि ती गॅरेजच्या दारात ओले हात पुसत उभी राहून म्हणाली होती, "होऊ द्या एकदा तुमची गाडी. मग मी पोरीकडे जाते राहायला. तुम्ही आणि तुमची गाडी, बसा दोघं."

रागाने नव्हती बोलली. अगदी विचार करून बोलली होती. कपाटातल्या कुठल्या साड्या न्यायच्या हेसुद्धा तिने ठरवलं होतं. नवरा वाकून काहीतरी घासत होता. त्याने मान वर केली नाही. त्याला ऐकूच गेलं नाही असं धरून ती नऊ वर्षं चालली होती. गाडी होईना, म्हणून जाणं लांबत गेलं, आणि लांबता लांबता ते नुसतंच मनात पडून राहिलं.

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं. आत काही हललं का, हे तिने स्वतःशी चाचपून पाहिलं. हात तेवढे गार पडले होते.

दुपारी तीनच्या सुमारास गाडी जुळली. मिस्त्रीने हात धुतले आणि मोठ्या खुशीत म्हणाला, "साहेबांना बसवू या की! एवढी वर्षं राबले, पहिला मान त्यांचा."

दोघांनी मिळून नवऱ्याला उचललं आणि डाव्या सीटवर बसवलं. तिने त्याच्या अंगावरून नवा पट्टा ओढून लावला. मग ती वळसा घालून स्टिअरिंगमागे बसली. किल्ली डॅशबोर्डच्या मधोमध होती. ती फिरवताच पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं. तक्रारीचा एक सूर नाही.

"ऐका, ऐका!" मिस्त्री बॉनेटपाशी कंबरेवर हात ठेवून ओरडला. "शिलाई मशीन आहे नुसतं!"

नवऱ्याचा डावा हात मांडीवरून उठला. आधी तिला वाटलं, त्याला पट्टा टोचत असेल. हात हळूहळू, स्वतःच्याच छातीवरून आडवा, थरथरत पुढे आला. बोटं दोनदा किल्लीवरून निसटली. तिसऱ्यांदा त्याने ती धरली आणि फिरवली. इंजिन बंद पडलं.

"काय झालं?" मिस्त्री म्हणाला.

तिने पुन्हा गाडी चालू केली. त्याने पुन्हा बंद केली. या वेळी बोटं किल्लीवरच राहिली. घट्ट, पांढरी पडेपर्यंत. तो समोर बघत होता. तिच्याकडे बघायला त्याला मान वळवावी लागली असती, आणि तेवढं धाडस त्याच्यात नव्हतं, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं.

"साहेबांना आनंद सोसवेना बहुतेक," मिस्त्री खिडकीशी येत हसला. "मग वहिनी, सोमवारी गिऱ्हाईकाला बोलवायचं ना नक्की? तुम्ही फोन करता की मी करू?"

"तुम्हीच करा," ती म्हणाली. "येऊ नका म्हणावं. गाडी अजून व्हायची आहे."

मिस्त्रीचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्याने एकदा बॉनेटकडे पाहिलं, एकदा त्या दोघांकडे.

"मग कधी होईल म्हणून सांगू?"

किल्लीवरचा त्याचा हात तिने काढला नाही. त्याच्या बाहीवर ग्रीसचा डाग लागला होता, तो ती अंगठ्याने पुसत राहिली.

"वेळ लागेल म्हणावं."