दारापेक्षा मोठा पलंग

मी एक जुना पलंग आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर आता माझा एक खांबच तेवढा उरला आहे, पण आठवणी अख्ख्या पलंगाच्या आहेत आणि बोलायची हौसही अख्ख्या पलंगाचीच आहे. तेव्हा जरा सरकून बसा आणि ऐका. मध्येच चुळबुळ केलेली मला चालत नाही. एक मुलगी माझ्यावर उड्या मारमारून मोठी झाली, तिचीच चुळबुळ मी आयुष्यभर पुरेल एवढी सोसली आहे.

माझा जन्म ज्या खोलीत झाला, त्याच खोलीत मी आयुष्य काढलं. ही फुशारकी नव्हे, नाइलाज होता. खोली होती घड्याळजींची. खाली रस्त्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि वर घर. नुकतंच लग्न झालेलं, घरात सामान म्हणाल तर दोन ट्रंका आणि भिंतीवरचं टिकटिक करणारं एक मोठं घड्याळ. त्यांनी सुतारकाकांना बोलावलं. काकांनी खोलीची लांबी मोजली, रुंदी मोजली, खिडकीची उंचीसुद्धा मोजली. घड्याळजींनी स्वतः टेप धरून ती मापं पुन्हा तपासली. मग लाकूड वर आलं आणि खोलीतच माझी जोडणी सुरू झाली. खिळा एकही मारायचा नाही, असा घड्याळजींच्या बायकोचा, म्हणजे आमच्या बाईंचा, हट्ट होता. खिळ्यांचे पलंग कुरकुरतात म्हणे. म्हणून माझे सगळे सांधे खाचेत खाच बसवून, सरस लावून कायमचे पक्के केले. चार कोपऱ्यांना चार खांब आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर मुठीत मावेल असा गुळगुळीत लाकडी गोळा.

मग पॉलिश करायला मला गच्चीवर न्यायचं ठरलं, आणि तिथे सगळ्यांची फजिती झाली. मला आडवा केला, उभा केला, तिरका केला. मी काही दारातून बाहेर जाईना! अहो, सगळं मोजलं होतं, दारच मोजायचं राहिलं होतं. सुतारकाका कपाळ धरून खाली बसले. घड्याळजींचा चेहरा तर बघण्यासारखा झाला होता. बाई मात्र हसता हसता भिंतीला टेकल्या.

"केसाएवढं चाक बरोबर दिसतं तुम्हाला, आणि एवढं मोठं दार दिसलं नाही?" त्या म्हणाल्या. "बरंच झालं. आता हा कुठे जायचा नाही."

पुढे कित्येक वर्षं त्या नवऱ्याला यावरून चिडवत राहिल्या. आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला ती गोष्ट ऐकावीच लागायची. पाहुणे माझ्यावर हात फिरवायचे, "असं काम आता होत नाही हो," म्हणायचे आणि मी मनातल्या मनात फुगून जायचो. खोटं कशाला बोलू? कौतुक मला फार आवडायचं.

दिवस चांगले होते. त्यांना लेक झाली. ती तापाने फणफणली की माझ्यावरच निजायची, रुसली की माझ्याखाली जाऊन बसायची. तिचा आवडता खेळ होता लपंडाव. "बाबा, डोळे मिटा! मी सांगेन तेव्हाच उघडायचे," असा हुकूम सोडायची आणि माझ्याच खाली लपायची. घड्याळजींना ती कुठे आहे ते पक्कं ठाऊक असायचं. तरी ते बिचारे कपाटात शोधायचे, पडद्यामागे शोधायचे, खिडकीतून खाली वाकून रस्त्यावरच्या माणसाला विचारायचे. मुलगी हसून हसून लोळायची.

ती मोठी झाली, शिकली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. आणि मग घड्याळजींचे डोळे अधू व्हायला लागले.

सगळा जन्म भिंगातून बघण्यात गेलेला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग हळूहळू समोरचंही धूसर होत गेलं. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेलीही फार दिवस टिकणार नाही. घड्याळजींनी ही गोष्ट फक्त बाईंना सांगितली. "कामाचा कंटाळा आला," असं लोकांना सांगून दुकान बंद केलं. त्या दिवसापासून बाईंनी दाराच्या गोष्टीवरून त्यांना चिडवणं सोडून दिलं. मला ते लगेच जाणवलं.

पण बाई रडत बसणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्यांनी खोलीला एक नियम घालून दिला. या खोलीतली कुठलीही वस्तू जागची हलणार नाही. खुर्ची, स्टूल, पाण्याचा तांब्या, चपला, सगळ्यांच्या जागा ठरल्या. केर काढताना खुर्ची उचललीच, तर त्या ती पुन्हा टेकवून, हाताने चाचपून बघायच्या. दाराजवळचा पायथ्याचा खांब म्हणजे आज उरलेला हा मी. त्यांनी नवऱ्याचा हात धरून माझ्या गोळ्यावर ठेवला.

"हे बघा, आत आलात की आधी याला धरायचं. इथून मागे वळलं की बसायची जागा. घड्याळाची टिकटिक डाव्या कानाला आली की समोर खिडकी. बास. बाकी सगळं आपोआप सापडेल."

आणि सापडायला लागलं! घड्याळजी खोलीत असे वावरायचे की बघणाऱ्याला शंका येऊ नये. त्यांच्या तळहाताने माझा गोळा इतका गुळगुळीत झाला की त्यावरचं पॉलिश पार निघून गेलं. पूर्वी मला असा ओरखडासुद्धा खपत नसे. पण या झिजण्याचा मला अभिमान वाटायचा.

मग एका सकाळी बाई गेल्या. झोपेतच, माझ्यावरच. त्याबद्दल मला जास्त बोलवत नाही.

लेक आली, महिनाभर राहिली. "बाबा, माझ्याकडे चला," म्हणून पाठीस लागली. घड्याळजी म्हणाले, "अगं, मला काय धाड भरली आहे? स्वयंपाकाला बाई येते, शेजारी चांगले आहेत. तू तुझी नोकरी बघ." ती गेल्यावर ते माझ्यावर येऊन बसले आणि बाईंच्या उशीवर हात ठेवून बोलू लागले. "तिला कळलं ना, तर ती नोकरी सोडून इथे येऊन बसेल. नाहीतर मला उचलून तिकडे नेईल. तिथल्या भिंतीसुद्धा मला ओळखत नाहीत गं. इथे आहे तोवर मी माझा आहे."

म्हणून त्यांनी लेकीला ताकास तूर लागू दिली नाही. सकाळी रेडिओवर बातम्या ऐकायचे आणि फोनवर तिला पेपरात वाचल्यासारख्या सांगायचे. ती यायची तेव्हा हे खुर्चीत ऐटीत बसलेले असायचे. पावलांच्या आवाजावरून तिच्याकडे तोंड वळवून म्हणायचे, "बारीक झालीस!" आणि आईबापांनी असं म्हटलं की कुठली लेक शंका घेते?

लेकीला मात्र खोलीकडे बघवत नव्हतं. आईचं पांघरूण, आईची उशी, भिंतींचे पोपडे, विटलेले पडदे. तिला वाटायचं, ही खोली बाबांना खायला उठत असेल. नाही मित्रांनो, तिला दोष देऊ नका. तिच्या मनात निव्वळ माया होती. शयनगृह कसं सजवावं याची चित्रं ती महिनोन् महिने गोळा करत होती. भिंतींना फिकट रंग द्या, खोली मोठी वाटते. आरसा लावा, उजेड वाढतो. पलंग बुटका असावा आणि खिडकीसमोर असावा, म्हणजे जाग आल्या आल्या आकाश दिसतं. पायाखाली मऊ गालिचा घाला. टिकटिक करणारं घड्याळ झोपेला वाईट, बिनआवाजाचं लावा. चित्रांमधल्या खोल्या दिसायला फार सुरेख होत्या. त्या सगळ्या दिसायलाच होत्या, एवढंच.

तिने बाबांना आठवडाभर आत्याकडे, त्यांच्या लहानपणच्या घरी पाठवलं; तिथल्या भिंती ओळखीच्या, म्हणून तेही तयार झाले. काही सांगितलं नाही, कारण तिला त्यांना चकित करायचं होतं. निघताना घड्याळजींनी सवयीने माझ्या गोळ्यावर हात ठेवला. "येतो रे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. त्यांनी मला आडवा केला, उभा केला, तिरका केला. एक जण वैतागून म्हणाला, "ताई, हा आत आणला तरी कसा?"

"आणलाच नाही," लेक म्हणाली. "इथेच जन्मलाय तो." ती हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. ती थोडा वेळ खिडकीशी जाऊन उभी राहिली. करवत सुरू झाली तेव्हा तिने पाठ वळवलेलीच होती.

दुखलं का म्हणाल, तर दुखलं. पण त्याहून जास्त भीती वाटत होती. ते आले की काय धरतील? एवढंच माझ्या मनात घोळत होतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण लाकडाला कुठली वाचा? जन्मभर मी कुरकुरलो नाही म्हणून सगळ्यांनी माझं कौतुक केलं. त्या दिवशी मला एक कुरकुर तरी करता यायला हवी होती. माझे तुकडे बाहेरच्या बोळकांडीत रचून ठेवले. जुनं लाकूड घेणारा नंतर येणार होता. मी सगळ्यात वर पडलो होतो, खोलीच्या दाराकडे तोंड करून. त्यामुळे पुढचं सगळं मला बघावं लागलं.

घड्याळजी परत आले. जिन्यातच त्यांना रंगाचा वास आला आणि त्यांची पावलं मंदावली.

"काय गं, रंग काढलास की काय?"

"बाबा, थांबा! डोळे मिटा. मी सांगेन तेव्हाच उघडायचे."

त्यांनी डोळे मिटले. मित्रांनो, त्यांनी खरंच डोळे मिटले, अगदी घट्ट, ती लहान असताना मिटायचे तसेच. लेकीने त्यांना हाताला धरून खोलीत नेलं, मधोमध उभं केलं आणि टाळी वाजवून म्हणाली, "हं, उघडा आता!"

त्यांनी डोळे उघडले. खोलीत टिकटिक नव्हती. ते जरा वेळ कान देऊन उभे राहिले.

"कसं वाटलं?"

"झकास!" ते म्हणाले. "फारच झकास केलंयस."

"पडदे बघा ना. रंग कुणाच्या आवडीचा आहे सांगा."

"तुझ्याच असणार, दुसऱ्या कुणाच्या?"

"काय हो बाबा! आईची ती आवडती साडी नाही का? तिचाच रंग मुद्दाम शोधून आणला मी." तिचा आवाज जरा हिरमुसला.

तो हिरमुसलेला आवाज त्यांना सहन झाला नाही. "हो, हो, तेच म्हणतोय मी. अगदी तिचीच साडी. थांब हं, जरा टेकतो आणि मग निवांत बघतो सगळं." असं म्हणून ते इतकी वर्षं वळायचे तसे सराईतपणे वळले. त्यांचा हात माझ्या गोळ्यासाठी पुढे आला आणि हवेतच मुठीसारखा मिटला. पण लेक बघत होती ना! चाचपडून कसं चालेल? ते हसतमुखाने मागे झाले आणि मी जिथे असायचो तिथे बसले.

तिथे मी नव्हतो.

तो आवाज मी कधी विसरणार नाही. लेक किंचाळून धावली. घड्याळजी जमिनीवर पडले होते, मांडी विचित्र वाकडी झाली होती. पण त्यांच्या तोंडून पहिला शब्द आला तो कण्हण्याचा नव्हता.

"पलंग कुठाय गं?"

"समोर आहे ना बाबा," ती रडत म्हणाली. "हा काय, खिडकीपाशी. तुमच्या समोरच तर…"

आणि ती बोलता बोलता थांबली. तिने हळूच त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून ती तिथेच गालिच्यावर बसली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, घड्याळजी घरी आले, पण पुन्हा चालले नाहीत. ज्याची त्यांना धास्ती होती ते सगळं झालं. लेक नोकरी सोडून आली. त्यांना भरवू लागली, कूस बदलून देऊ लागली. ते तिला उलटून कधी काही बोलले नाहीत. फक्त त्या नव्या पलंगावर पडल्या पडल्या त्यांचा हात सारखा कडेला काहीतरी शोधत राहायचा.

एका दुपारी ते तिला म्हणाले, "मी कुठे आहे तेच मला कळत नाही गं." तेव्हा ती बोळकांडीत आली. बाकीचं लाकूड कधीच गेलं होतं, पण माझा हा खांब ढिगावरून घरंगळून अंधाऱ्या कोपऱ्यात पडला होता म्हणून राहिला होता. तिने मला उचललं. माझ्या गोळ्यावरचं झिजलेलं पॉलिश बोटांनी बघितलं, आणि आपल्या आईवडिलांनी नजर गेल्याचं तिच्यापासून कशाच्या आधारावर लपवलं होतं ते तिला सगळं समजलं. मला छातीशी धरून ती किती वेळ रडली! म्हातारे सुतारकाका आले आणि त्यांनी मला नव्या पलंगाच्या कडेला, घड्याळजींच्या हाताशी बसवलं. जुनं घड्याळही तिने परत भिंतीवर लावलं.

घड्याळजींचा हात माझ्यावर आला. त्यांनी गोळा एकदा चाचपला आणि मूठ घट्ट केली.

"आलास होय?" ते म्हणाले. मग डावा कान जरा वर करून त्यांनी टिकटिक ऐकली. "म्हणजे खिडकी तिकडे."

लेकीने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. "बाबा, तुम्ही मला सांगायचं होतंत हो."

"तूही विचारायचं होतंस, बाळा," ते म्हणाले. त्यात राग अजिबात नव्हता.

तो हिवाळा त्यांनी काढला. मग तेही गेले, मूठ माझ्यावरच ठेवून.

आता मित्रांनो, म्हाताऱ्या लाकडाचं एक मागणं ऐका. खोल्या खुशाल सजवा. रंग द्या, पडदे लावा, मला त्याचं वावडं नाही. पण ज्याची खोली आहे त्याला आधी विचारा, आणि आपल्याला काय झालंय हे आपल्या माणसांना सांगताना लाजू नका. एवढं केलं असतं तर त्या खोलीत अजूनही कुणीतरी टिकटिक डाव्या कानाला धरून खिडकीपर्यंत चालत गेलं असतं.

लेक अजून इथेच राहते. कधीकधी संध्याकाळी ती दाराशी उभी राहून डोळे मिटते आणि हात पुढे करून माझ्याकडे यायला बघते. गालिच्याला अडखळते, कपाटाला धडकते, पण डोळे उघडत नाही. मी तिची वाट बघत उभा असतो. शेवटी तिचा हात माझ्या गोळ्यावर येतो, आणि ती तशीच मिटल्या डोळ्यांनी थांबते, आता उघड असं कुणीतरी सांगेल म्हणून.