घूंऽऽ खालचं वाक्य

विश्वाचा आरंभ नादातून झाला, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. त्यांच्याकडे माझा अँप्लिफायर नव्हता, म्हणून ती इतक्या आदराने बोलली. माझ्याकडे बटण दाबलं की दोन्ही स्पीकर एकच नाद काढायचे: घूंऽऽ.

एरवी मी चालवून घेतलं असतं. पण त्या घूंखाली हिचं एक वाक्य दबलेलं होतं. हिला जाऊन तीन वर्षं झाली. माळा आवरताना एक कॅसेट सापडली. माझ्या निरोप समारंभाच्या भाषणाची घरातली तालीम. पंचवीस मिनिटं मीच, ऐकवत नाही. शेवटी पावलं वाजतात आणि ही हळूच काहीतरी म्हणते. महिनाभर कान लावून एवढंच कळलं, की सुरुवात 'अहो'ने आहे.

शेवटी मेहुण्याला बोलावलं. हिचा धाकटा भाऊ, जन्मभर रेडिओ दुरुस्त करत आलेला.

"भाषण आवडलं, असं म्हणाली असणार," मी म्हणालो.

"ताई? दाजी, तुम्ही लग्न नक्की कोणाशी केलं होतं?"

त्याने कॅसेट थांबवली. घूं चालूच.

"दोष टेपमध्ये नाही. ताई शाबूत आहे."

मग तो मागच्या वायरी एकेक करून काढू लागला. टीव्हीची वायर निघाली आणि घर एकदम गप्प झालं.

"ही कोणी जोडली?"

"मी. बातम्या मोठ्याने ऐकू याव्यात म्हणून."

"टीव्हीचा प्लग त्या भिंतीला, याचा या भिंतीला, आणि मधे ही वायर. दोन ठिकाणची अर्थिंग एकमेकांना भिडली. एका घरात दोन चुली, दाजी. कुरकुर होणारच."

त्याने दोन्ही प्लग एकाच बोर्डात घातले, वायर परत जोडली. शांत.

कॅसेट लावली. भाषण संपलं. पावलं आली.

"अहो, झालं असेल तर दूध उतरवा. माझे हात ओले आहेत."

मेहुणा हसला नाही. चष्मा पुसत बसला.

"परत लाव," मी म्हणालो.

तीनदा ऐकलं. त्या दिवशी मी दूध उतरवलं की नाही, ते कॅसेटमध्ये नाही, आणि मला आठवत नाही. तिसऱ्यांदा मात्र मी उठलोच.

"कुठे निघालात?"

"गॅस बघून येतो."

त्याने स्पीकरकडे बघत चष्मा चढवला. मग म्हणाला,

"उठलाच आहात, तर चहा टाका. साखर कमी."