हरेलीच्या दिवशी नांगर

वनमालाबाईंचा आपल्या धाकट्या दिरावरचा राग आजचा नव्हता. नवरा गेला, तेराव्याचे पाहुणे पांगले नाहीत तोच अच्युतने शेताच्या फाटकाला आपलं कुलूप ठोकलं. ज्या मातीत उभी हयात राबल्या, तिथे आता त्या पाहुण्या. शहरात, तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये कुंडीतल्या मिरच्यांना पाणी घालायच्या आणि दिराच्या नावाने बोटं मोडायच्या.

शहराबाहेर राज्याची नवी राजधानी उभी राहत होती आणि शहरातली माणसं पैसे मोजून चिखल बघायला निघाली होती. अच्युतने शेतात बांबूच्या झोपड्या बांधून 'कृषी पर्यटन केंद्र' अशी पाटी लावली. शेत पाहुण्यांसाठी तयार आहे का, हे बघायला सरकारी समिती येणार होती. तिने मान डोलावली तरच परवानगी. शेती आणि गाव ठाऊक फक्त वहिनीला; मग काय, स्वारी तिच्या दारात. अडला हरी गाढवाचे पाय धरी! गाढव व्हायला वनमालाबाई त्या दिवशी एका पायावर तयार होत्या.

"वहिनी, हरेलीचाच दिवस ठरवला," अच्युत चहा फुरकत म्हणाला. "बांबूच्या उंच गेडीवर चढून चालणारे पोट्टे, हिरवंगार शेत, अन् मेन आयटम म्हंजे नांगर! साहेबलोक सोता नांगर धरतीन. कसं?"

वनमालाबाईंच्या हातातली कपबशी जागीच थांबली. हरेलीला इथला शेतकरी नांगर धुऊन पुजतो. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवणं म्हणजे पाप. पण शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यात दुकानदारी करत वाढलेल्या अच्युतच्या लेखी बैलांचा सण म्हणजे आपला पोळा, आणि तो तर महिनाभर लांब. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"लय मस्त," त्या म्हणाल्या. "शेतावरच्या नत्थूची बैलजोडी आणा. अन् सारा गाव बोलवा."

हरेलीला समिती आली, गाव जमला. अच्युतने बैल जुंपायचा हुकूम सोडताच म्हाताऱ्या नत्थूने हात जोडले. "आज बइला नई फांदन, भैया."

साहेबांसमोर नोकरमाणूस नाही म्हणतो! अच्युतचा पारा चढला. त्याने स्वतःच जू चढवलं, तेही उलटं. बैल हलेनात, तेव्हा काठीने सपासप मारलं. पोरं गेडीवरून उतरली. चुलीवर तांदळाचा चिला भाजणाऱ्या बायांनी विस्तव विझवला. कोणी भांडलं नाही. सगळे उठून चालू लागले. समितीच्या मंदाकिनी मॅडमनी रिकामं अंगण पाहिलं. ज्याच्या पाठीशी गाव नाही त्याच्याकडे पाहुणे कोणाच्या भरवशावर पाठवायचे, असं विचारून त्यांनी परवानगी नाकारली.

"वहिनी, तुमाले मालूम होतं!" अच्युत ओरडला.

"हव. मालूम होतं."

काय सुख होतं त्या तीन शब्दांत! वनमालाबाईंचा जीव थंड झाला. मीठ घातलेला कणकेचा गोळा घेऊन त्या बैलाकडे वळल्या. शेतावर असताना हरेलीला दरवर्षी त्याच भरवायच्या.

नत्थू बैलाच्या वळांवर हळद लावत होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"तुमन जानत रहेव, बहू?" त्याने विचारलं. "अऊ बइला ला मार खावन देव?"

त्याने बैलाचं तोंड त्यांच्या हातापासून बाजूला वळवलं आणि जोडी घेऊन गावाच्या वाटेला लागला.

गोळा हातातच राहिला. पुन्हा अशी वेळ आली तरी बैलाला मार खाऊ देऊन आपण गप्पच बसू, हे वनमालाबाईंना पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचंच त्यांना रडू फुटलं.